‘ट्रूप १’ एकच का नाही? स्काऊट पथकांच्या क्रमांकांमागचा हिशेब

अमेरिकेतल्या स्काऊटच्या खाकी सदऱ्याच्या डाव्या बाहीकडे पाहिले, तर खांद्याच्या शिवणीलगत आधी कौन्सिलच्या, म्हणजे त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, नावाची पट्टी दिसते आणि तिच्या खाली एक आकडा शिवलेला दिसतो: ७, ५४, ३२१, कधी चक्क १९१०. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले मूल वर्गमित्रामागोमाग स्काऊटमध्ये जाऊ लागले, की घरात हा आकडा सतत कानावर पडू लागतो, कारण तिथे ‘आमचा मुलगा स्काऊटमध्ये आहे’ एवढ्यावर कोणी थांबत नाही, ‘तो ट्रूप चोपन्नमध्ये आहे’ असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला साहजिकच वाटते की देशभरातल्या कुठल्या तरी मोठ्या यादीतला हा चोपन्नावा ट्रूप असावा, आणि इतक्या वरचा आहे म्हणजे जुना आणि मानाचाही असावा. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा क्रमांक अनुक्रम सांगत नाही आणि दर्जाही सांगत नाही. तो नेमके काय सांगतो, तो कोण ठरवतो आणि एकच क्रमांक दोन-तीन पथके मिळून कसा वापरतात, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याला हा प्रकार अपरिचित वाटतो त्याचे कारण सरळ आहे. ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड चळवळही तिच्यात सामील झाली. तेव्हापासून आपल्याकडची बहुतेक पथके शाळांमध्ये वाढली. त्यामुळे मेळाव्यात ‘कुठले पथक?’ असे विचारले, तर मुले शाळेचे नाव सांगतात. अमेरिकेत पथकाची पालकसंस्था शाळाच असेल असे नाही. ती एखादे चर्च असते, माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ची शाखा असते, रोटरी किंवा लायन्स क्लब असतो, कधी गावचे अग्निशमन दल असते. एकाच शाळेतली मुले चार वेगवेगळ्या पथकांत आणि एकाच पथकातली मुले चार वेगवेगळ्या शाळांत, अशी स्थिती असल्यावर शाळेचे नाव ओळख म्हणून उपयोगाचे राहत नाही, आणि पालकसंस्थेचे लांबलचक नाव बाहीवर मावत नाही.

आकड्यांची सवय लागली कुठून

पथकाला क्रमांक देण्याची रीत स्काऊटिंगपेक्षा जुनी आहे. विल्यम स्मिथ यांनी ऑक्टोबर १८८३ मध्ये ग्लासगो शहरात ‘बॉइज ब्रिगेड’ ही मुलांची संघटना सुरू केली, आणि तिच्या तुकड्या ‘पहिली ग्लासगो’, ‘दुसरी ग्लासगो’ अशा नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. सैन्यातल्या पलटणींना क्रमांक असतात, तसाच हा मुलांच्या कवायती तुकड्यांचा क्रमांक. स्काऊटिंगचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा या संघटनेशी जवळचा संबंध होता. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर त्यांनी जे प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉइज ब्रिगेडची मुलेही होती. पुढच्याच वर्षी स्काऊटिंगची पथके जागोजागी उभी राहू लागली, तेव्हा नाव देण्याची ही तयार पद्धत त्यांनी सहज उचलली: आधी क्रमवाचक संख्या, मग गावाचे नाव.

‘पहिले ग्लासगो’ या स्काऊट पथकाकडे २६ जानेवारी १९०८ या तारखेचे नोंदणीपत्र आहे, आणि त्याच्या आधारावर ते सर्वांत जुने नोंदणीकृत पथक असल्याचे सांगितले जाते. तरीही ‘पहिले’ हा शब्द इथे जगातले पहिले किंवा देशातले पहिले अशा अर्थाने येत नाही. तो ग्लासगोपुरता आहे. लहानशा इंग्रजी खेड्यात कालपरवा निघालेले पथकही त्या खेड्यातले पहिले असले तर ‘पहिले अमुकगाव’ असे नाव घेते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘ग्रुप’ ही रचना आली आणि लहान मुलांचा पॅक, मोठ्यांचा ट्रूप आणि तरुणांचा क्रू असे सारे एका नावाखाली, एका क्रमांकाखाली आले. म्हणजे क्रमांक वाटून घेण्याचा प्रश्न ब्रिटिशांनी नियमातच सोडवून टाकला: क्रमांक पथकाचा नाही, कुटुंबाचा.

ब्रिटनमधल्या जुन्या शहरांत या क्रमांकांचे गळलेले दातही दिसतात. तिसरे आहे, सातवे आहे, बारावे आहे, पण मधली नाहीत, कारण ती कधीच बंद पडली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत. दोन पथके एकत्र आली, की काही वेळा दोन्ही क्रमांक तिरपी रेघ देऊन शेजारीशेजारी ठेवले जातात. लग्नानंतर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे लावावीत, तसा हा प्रकार आहे. मात्र २००२ मध्ये तिथे एक्सप्लोरर हा किशोरवयीनांचा विभाग नव्याने आखताना तो ग्रुपऐवजी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक ग्रुप मिळून होणाऱ्या विभागाच्या, अखत्यारीत ठेवला गेला, आणि त्या पथकांनी बहुधा क्रमांक सोडून स्वतंत्र नावे घेतली. कुटुंबातून बाहेर पडलेल्याला कुटुंबाचा क्रमांक लागत नाही, हे यावरून चांगले लक्षात येते.

पेठ सांगितल्याशिवाय घर सापडत नाही

अमेरिकेत ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ची नोंदणी ८ फेब्रुवारी १९१० रोजी झाली; बरोबर ११५ वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०२५ पासून, ती ‘स्काऊटिंग अमेरिका’ या नावाने ओळखली जाते. ही संघटना देशभर अडीचशेच्या आसपास कौन्सिलांमधून काम करते. कौन्सिल म्हणजे ठरावीक भूप्रदेशाचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था. एखादे मोठे शहर, काही काउंटी, क्वचित एक अख्खे राज्य तिच्या हद्दीत येते. पथकाला क्रमांक देण्याचे काम ही कौन्सिल करते, राष्ट्रीय कार्यालय करत नाही. आणि कौन्सिलला सांभाळावी लागणारी अट एवढीच असते, की आपल्या हद्दीत एकाच प्रकारच्या दोन पथकांना एकच क्रमांक मिळता कामा नये.

पुण्याच्या जुन्या पत्त्यांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे पटकन उमगेल. नुसते ‘घर क्रमांक ५१०’ असे सांगितले, तर पोस्टमन हसेल. तो क्रमांक सदाशिव पेठेतही असू शकतो आणि नारायण पेठेतही. पेठ सांगितली की मगच त्या आकड्याला अर्थ येतो. (शिवाय ५१० च्या शेजारी ५११ असेलच अशी खात्री नसते, हेही इथे लागू पडते.) तसेच ‘ट्रूप ५४’ हे अर्धे नाव आहे. कौन्सिल कोणती ते सांगितल्यावर ते पूर्ण होते. म्हणूनच ‘ट्रूप १’ देशात एकच नाही, अनेक कौन्सिलांत आहे, आणि त्यातला प्रत्येक आपापल्या जागी बरोबर आहे.

दुसरा घटक पथकाच्या प्रकाराचा. बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांच्या पथकाला पॅक म्हणतात, साधारण ११ ते १७ वयाच्या मुलांच्या पथकाला ट्रूप, १४ ते २० वयाच्या तरुणांच्या पथकाला क्रू, आणि नौकानयन शिकणाऱ्या सी स्काऊटच्या पथकाला शिप. कौन्सिलची अट एका प्रकारापुरती असल्यामुळे पॅक ५४, ट्रूप ५४ आणि क्रू ५४ ही एकाच कौन्सिलमध्ये सुखाने नांदू शकतात. ती एकाच पालकसंस्थेची असतील किंवा एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली, गावाच्या दोन टोकांची असतील. निव्वळ आकड्यावरून ते कळत नाही. कौन्सिल, प्रकार आणि क्रमांक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की पथकाची ओळख पक्की होते. गाडीच्या पाटीवर एमएच, त्यापुढे १२ किंवा १४, मग अक्षरे आणि शेवटी चार आकडे असतात. त्यातले शेवटचे चार आकडे तेवढे लक्षात ठेवून चोरीची तक्रार द्यायला जाणाऱ्याची जी गत होते, तीच अर्जावर फक्त ‘५४’ लिहिणाऱ्या पालकाची होते.

गंमत अशी, की खुद्द कौन्सिलांना असलेले क्रमांक मात्र राष्ट्रीय आहेत आणि ते अगदी शिस्तीत दिलेले आहेत. राज्यांची नावे वर्णानुक्रमे, आणि प्रत्येक राज्यात मुख्यालयाच्या शहरांची नावे वर्णानुक्रमे, अशा क्रमाने ते आकडे बसवले गेले. त्यामुळे अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या कौन्सिलला १ हा क्रमांक आहे आणि न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलला ६४०. कौन्सिलचा क्रमांक कागदोपत्री राहतो, मुलांना तो बहुधा ठाऊकही नसतो. पथकाचा क्रमांक मात्र बाहीवर, झेंड्यावर आणि सामान वाहणाऱ्या गाडीच्या दारावर रंगवलेला असतो. जो आकडा शास्त्रशुद्ध आहे त्यावर कोणाचा जीव नाही, आणि जो बेशिस्त आहे त्याच्यासाठी लोक भांडतात.

भांडतात हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. अमेरिकेतले सर्वांत पहिले पथक कोणते, या वादात ओक्लाहोमातले पॉहस्का, व्हर्माँटमधले बॅरे आणि केंटकीतले बर्नसाइड ही तीन गावे कित्येक वर्षे आपापला दावा मांडत आली आहेत, आणि हे दावे राष्ट्रीय संघटना नोंदली जाण्याच्याही आधीच्या, १९०८-०९ च्या काळातले आहेत. त्या वेळी क्रमांक वाटणारे कार्यालयच नव्हते. त्यामुळे ‘ट्रूप १’ हे नाव पुरावा म्हणून पुढे करणे व्यर्थ आहे. पहिल्या ट्रूपला १ हा क्रमांक असेलच असे नाही आणि १ क्रमांकाचा ट्रूप पहिला असेलच असेही नाही.

पथकाचे वय पाहायचे असेल तर आकड्याकडे न पाहता आकड्याच्या वरच्या बाजूला पाहावे. कौन्सिलची पट्टी आणि क्रमांक यांच्यामध्ये काही जणांच्या बाहीवर एक अरुंद पट्टी असते; २५, ५०, ७५, १०० अशा टप्प्यांची वर्षे तिच्यावर असतात. गणेशोत्सवातल्या मंडळाच्या कमानीवर ‘वर्ष ९२ वे’ असे लिहिलेले असते, त्याच जातीचा हा अभिमान आहे. क्रमांक मागून मिळू शकतो; ही पट्टी मिळायला पथक खरोखरच तितकी वर्षे टिकावे लागते.

क्रमांक निवडताना

नवे पथक काढायचे, तर पालकसंस्थेला राष्ट्रीय संघटनेकडून सनद घ्यावी लागते आणि तिचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. सनदीच्या अर्जावर पथकाचा क्रमांक लिहावा लागतो, आणि हा क्रमांक मोकळा आहे का ते कौन्सिलच्या नोंदणी विभागात आधी विचारून घेणे शहाणपणाचे असते. संगणकातल्या नोंदीत क्रमांकासाठी चार स्थाने असतात. ५४ हा तिथे ००५४ असा दिसतो. चार स्थानांत ९,९९९ क्रमांक बसतात, तेव्हा टंचाई अशी कधी नसते. टंचाई असते ती लहान, सुटसुटीत, लक्षात राहणाऱ्या आकड्यांची.

प्रत्येक कौन्सिलची वहिवाट वेगळी. कुठे पुढचा रिकामा क्रमांक सरळ हातावर ठेवला जातो. कुठे हद्दीतल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला एकेक शतक किंवा पहिला आकडा नेमून दिलेला असतो, म्हणजे चारशेच्या घरातले सगळे नदीपलीकडचे आणि पाचशेच्या घरातले सगळे अलीकडचे. ही पद्धत कार्यालयाला फार सोयीची असते, कारण शिबिराच्या यादीवर नजर टाकताच कोण कुठले ते कळते. पण डिस्ट्रिक्टच्या सीमा दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा आखल्या जातात, जुने पथक आपला क्रमांक सोडत नाही, आणि मग चारशेच्या घरातले दोघेजण पाचशेच्या वस्तीत राहू लागतात. अशा व्यवस्थेवर विसंबून नकाशा काढणाऱ्याची फसगत ठरलेली.

निवडीला वाव असला, तर लोक त्या आकड्यात काही अर्थ ठेवू पाहतात. माजी सैनिकांच्या शाखांना स्वतःचे क्रमांक असतात, तेव्हा शाखेचाच क्रमांक तिच्या ट्रूपला देणे हा सोपा मार्ग. न्यूयॉर्कमधल्या सरकारी शाळा तर क्रमांकानेच ओळखल्या जातात. देशाच्या स्वातंत्र्यवर्षातले ७६, संघटनेच्या स्थापनेचे १९१०, रस्त्याचा किंवा इमारतीचा क्रमांक, बंद पडलेल्या ज्या ट्रूपमध्ये संस्थापकाचे वडील लहानपणी होते त्याचा क्रमांक, अशी कारणे असू शकतात. या शेवटच्या कारणाबाबत मात्र जपून पाऊल टाकावे. बंद पडलेल्या पथकाचा क्रमांक कौन्सिल नव्याने देऊ शकते, पण क्रमांक घेतला म्हणून जुन्या पथकाचे वय मिळत नाही. मधली सनद तुटलेली असते. नवे पथक जुन्याचे नाव लावते, त्याचा सातबारा त्याच्या नावावर होत नाही.

आणि एक अगदी घरगुती कारण: आकडे शिवावे लागतात. पूर्वी प्रत्येक अंकाचा तुकडा सुटा मिळे आणि तीन अंकी क्रमांक म्हणजे तीन तुकडे एका ओळीत, वाकडे न जाऊ देता शिवणे. आता पूर्ण क्रमांकाची एकसंध पट्टीही करून मिळते, तरी एक अंकी क्रमांकाच्या पथकातल्या आयांचे सुख वेगळेच.

एकच क्रमांक, दोन-तीन दारे

आता वाटून घेण्याचा भाग. ब्रिटनसारखी ‘ग्रुप’ची सक्ती अमेरिकेत नाही, पॅक, ट्रूप आणि क्रू यांच्या सनदी वेगळ्या, समित्या वेगळ्या, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. तरीही पालकसंस्था एकच असेल, तर या साऱ्यांनी एकच क्रमांक घेण्याची प्रथा फार रुळलेली आहे, आणि तिच्यामागे व्यवहार आहे. पाचवीतून बाहेर पडणारा मुलगा पॅक ५४ मधून ट्रूप ५४ मध्ये जातो, तेव्हा त्याला आणि त्याच्या आईवडिलांना हा नवा प्रवेश न वाटता वरच्या वर्गात जाणे वाटते. पॅकमधून ट्रूपमध्ये जाताना मुले गळतात ही तिथल्या कार्यकर्त्यांची नेहमीची काळजी असते, आणि सामाईक क्रमांक हा त्या गळतीवरचा एक साधा, बिनखर्चाचा बांध आहे. बाहीवरचा आकडाही उसवावा लागत नाही.

प्रश्न येतो तो कौन्सिलच्या हद्दीत त्या क्रमांकाचा दुसरा ट्रूप आधीच असला तर. चर्चने पॅक ५४ काढला तेव्हा ५४ क्रमांकाचा ट्रूप तीस मैलांवर दुसऱ्याच संस्थेकडे होता, आणि दहा वर्षांनी चर्चला स्वतःचा ट्रूप काढायचा आहे, असे उदाहरण घेऊ. पॅकने क्रमांक बदलावा, की ट्रूपने वेगळा घ्यावा, की १५४ किंवा ५४० असा जवळचा आकडा शोधावा? नियम यावर काही म्हणत नाही. माझ्या मते नव्या ट्रूपसाठी जवळचा आकडा घेणे बरे, कारण क्रमांक बदलणे म्हणजे झेंडा, गाडी, सदरे आणि गावातली ओळख एकदम बदलणे. म्हणून जाणती मंडळी पॅकचा क्रमांक ठरवतानाच तो ट्रूपसाठी आणि क्रूसाठीही मोकळा आहे का ते पाहून ठेवतात.

खरा गुंता झाला तो १ फेब्रुवारी २०१९ पासून. त्या दिवशी ट्रूपचा कार्यक्रम मुलींना खुला झाला. मुलामुलींचे ट्रूप वेगळे असावेत, पण एकच पालकसंस्था दोन्ही चालवू शकते आणि तसे असेल तर ते ‘जोडलेले’ ट्रूप म्हणून एक समिती ठेवू शकतात, दोघांचे स्काऊटमास्टर मात्र वेगवेगळे, अशी व्यवस्था आखली गेली. आता क्रमांकाचे काय? आतापर्यंतचा नियम तर असा, की एका कौन्सिलमध्ये ट्रूप ५४ एकच. जोडलेल्या ट्रूपसाठी हा नियम सैल केला गेला: दोघांना एकच क्रमांक घेता येतो आणि नोंदीत तो मुलांचा की मुलींचा हे सांगणारे अक्षर क्रमांकाला जोडले जाते. आपल्या शाळेतल्या ‘सातवी अ’ आणि ‘सातवी ब’ यांसारखेच हे आहे. इयत्ता एक, हजेरीपट दोन. बाहीवर मात्र ते अक्षर येत नाही. तिथे दोघांच्याही फक्त ५४.

अनेक गावांत यावर मोकळी चर्चा झाली, आणि दोन्ही बाजूंना तथ्य होते. एकच क्रमांक घेतला, तर मुलींच्या ट्रूपला पहिल्या दिवसापासून गावात ओळख मिळते, तंबू आणि भांडी वाटून घेताना कुरबुर होत नाही, आणि ज्या घरात भाऊ-बहीण दोघेही जातात तिथे एकच क्रमांक सोयीचा पडतो. वेगळा क्रमांक घेतला, तर मुलींचा ट्रूप हा मुलांच्या ट्रूपचे शेपूट ठरत नाही; त्याचा इतिहास त्याचा स्वतःचा असतो. कागदोपत्रीही वेगळा क्रमांक निर्धोक असतो, कारण एका क्रमांकाचे दोन ट्रूप असले, की शिबिराचे आरक्षण, भरलेले शुल्क किंवा एखाद्या मुलीच्या बॅजची नोंद चुकून दुसऱ्या ट्रूपच्या खात्यात जाण्याची शक्यता कायम डोक्यावर असते. ही चूक उशिरा लक्षात येते; सर्वोच्च ईगल पदाचा अर्ज तपासायला काढला की तारखा जुळत नाहीत आणि मग कौन्सिलच्या कार्यालयात खेटे सुरू होतात.

मला स्वतःला यात मुलींना विचारून ठरवणाऱ्या पथकांचा मार्ग योग्य वाटतो. मोठ्यांच्या समितीला सामाईक क्रमांकात सातत्य दिसते, पण शंभर वर्षांच्या पट्टीचा मान मुलांच्या ट्रूपचा आहे. शेजारचा ट्रूप काल सुरू झालेला आहे आणि क्रमांक सारखा असला तरी त्याची वर्षे शून्यापासूनच मोजावी लागतात. त्या शून्यापासून स्वतःच्या क्रमांकाने मोजायला सुरुवात करावी असे एखाद्या चौदा वर्षांच्या ट्रूप-प्रमुख मुलीला वाटले, तर त्यात हट्ट कसला?

कौन्सिली एकत्र येतात तेव्हा

क्रमांक कौन्सिलपुरता असल्यामुळे सगळे सुरळीत चालते ते कौन्सिलच्या सीमा जागच्या जागी राहतात तोवर. सदस्यसंख्या घटली, खर्च परवडेना, की शेजारच्या कौन्सिली एकत्र होतात. शिकागो परिसरातल्या चार कौन्सिली २०१५ मध्ये एकत्र येऊन एकच झाली. अशा वेळी एका हद्दीत अचानक दोन-तीन ‘ट्रूप ५’ उभे राहतात आणि त्यातला प्रत्येक जण म्हणतो, आम्हीच खरे. यावर तीन तोडगे दिसतात: ज्येष्ठ पथकाने क्रमांक ठेवावा आणि बाकीच्यांनी सोडावा; प्रत्येक जुन्या कौन्सिलच्या क्रमांकांपुढे एक ठरावीक आकडा लावावा, म्हणजे ५ चे १००५ आणि २००५ होतात; किंवा जुन्या हद्दींचे अस्तित्व आतल्या व्यवस्थेत टिकवून ठेवावे आणि क्रमांकांना हातच लावू नये. पहिल्यात मने दुखावतात. तिसऱ्यात कार्यालय हैराण होते. दुसरा कागदावर सर्वांत स्वच्छ, पण नोंदीत १००५ झालेला ट्रूप बाहीवर हट्टाने ५ च लावत राहिला, तर त्याला कोण अडवणार?

याच्या उलट, क्रमांक एकदम मोकळे होण्याचा मोठा प्रसंग २०१९ च्या अखेरीस आला. मॉर्मन चर्च १९१३ पासून स्काऊटिंगची पालकसंस्था होते आणि त्याच्या स्थानिक मंडळ्या पॅक, ट्रूप वगैरे एकत्रच चालवत. ३१ डिसेंबर २०१९ रोजी चर्चने हे नाते संपवले. युटा राज्यात, जिथे बहुसंख्य पथके याच चर्चची होती, तिथले क्रमांकांचे रकानेच्या रकाने रिकामे झाले, आणि २०२० मध्ये तिथल्या तीन कौन्सिली मिळून एक झाली. एवढे क्रमांक मोकळे असताना आता तिथे हवा तो सुटसुटीत आकडा मागून घेता येईल, ही त्या घटनेची फार लहान आणि काहीशी उदास बाजू.

पालकसंस्था बदलली तर क्रमांक कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर ठळक झाला. कायद्याच्या भाषेत पथक पालकसंस्थेचे असते. सनद तिच्या नावावर असते. राष्ट्रीय संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर मेथडिस्ट चर्चमधल्या अनेक मंडळ्यांनी सनद स्वतःकडे ठेवण्याबद्दल फेरविचार केला, आणि त्यांच्याकडच्या कित्येक पथकांना दुसरा आसरा शोधावा लागला. मुले तीच, स्काऊटमास्टर तेच, बैठकीची खोली कधी कधी तीच, फक्त सनदीवरचे नाव वेगळे. अशा वेळी कौन्सिलच्या संमतीने क्रमांक मुलांबरोबर नव्या संस्थेकडे जातो, आणि गेलाच पाहिजे असे कोणालाही वाटेल. कागद काहीही म्हणो, गावाच्या लेखी ट्रूप ५४ म्हणजे ती मुले.

घराण्याचा आकडा आणि तुकडीचा आकडा

‘गर्ल स्काऊट्स’ ही अमेरिकेतली वेगळी, स्वतंत्र संघटना आहे. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी सव्हाना शहरात १८ मुलींसह ती सुरू केली. तिथेही ट्रूप आहेत, कौन्सिल आहेत, क्रमांक आहेत, पण त्या आकड्याचा स्वभाव निराळा आहे. तिथे साधारणपणे एका वयाच्या मुली एकत्र येतात, डेझी म्हणून सुरुवात करतात, मग ब्राउनी, ज्युनियर अशा पायऱ्या त्याच ट्रूपमध्ये, त्याच क्रमांकाखाली चढत जातात, आणि बारावी झाल्यावर मुली पांगल्या की बहुधा तो ट्रूपही संपतो. म्हणजे तिथे आकडा तुकडीचा. ‘आमची १९९८ ची बॅच’ असे आपण म्हणतो, तसा. स्काऊटिंग अमेरिकेत आकडा घराण्याचा. माणसे येतात-जातात, आकडा राहतो.

हा फरक कळला की बाकीचे आपोआप कळते. तुकडीच्या आकड्यासाठी कोणी भांडत नाही, म्हणून गर्ल स्काऊट्समध्ये कौन्सिल देईल तो चार-पाच अंकी क्रमांक मुली बिनतक्रार लावतात. तिथे २००६ नंतरच्या काही वर्षांत तीनशेहून अधिक कौन्सिली एकत्र करून सुमारे ११० वर आणल्या गेल्या. उत्तर कॅलिफोर्नियात २००७ मध्ये पाचांची एक झाली. सनीव्हेल-फ्रीमाँट भागातल्या एखाद्या मराठी घरात भाऊ ट्रूप ५४ मध्ये आणि बहीण पाच अंकी ट्रूपमध्ये असेल, तर त्यात भावाचा ट्रूप वरचा आणि बहिणीचा खालचा असे काही नसते.

पालकांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो गाव बदलताना. नोकरीमुळे न्यू जर्सीतून टेक्सासला जावे लागले, तर मुलाचा सदस्य क्रमांक, मिळवलेले बॅज आणि पदे त्याच्याबरोबर जातात. बदलीच्या अर्जावर जुनी कौन्सिल, पथकाचा प्रकार आणि क्रमांक हे तिन्ही लिहावे, म्हणजे नोंदी शोधण्यात महिने जात नाहीत. पथकाचा क्रमांक मात्र मागे राहतो. नव्या गावात दुसरा ट्रूप, दुसरा आकडा, वर दुसऱ्या कौन्सिलची पट्टी. जुने तुकडे उसवताना धागा बारीक कात्रीने आतून कापावा लागतो, आणि ते निघाल्यावर बाहीवर त्यांच्या आकाराची, उन्हात न विटलेली गडद खाकी जागा दिसते. नवा क्रमांक जुन्यापेक्षा एका अंकाने लांब असला, तर ती बरोबर झाकली जाते.